तिसऱ्या गाण्यातली करकर

चव्वेचाळिसावं वर्ष उलटलं तरी तिला सगळे धाकटीच म्हणायचे. सोफ्यांचा कारखाना वडिलांनी काढलेला. वडलांच्या मागं तो थोरल्या भावाकडं, म्हणजे दादाकडं आला, आणि दादाच्या पाठीवरची ही एकटीच. गिऱ्हाईकसुद्धा दारातून हाक द्यायचं, "धाकटी आहे का आत? कापड दाखवायचं होतं." लग्न एकदा केलं होतं तिनं, ते काही जमलं नाही. त्यावर दोन वाक्यांपेक्षा जास्त ती कधी बोलली नाही आणि तिसरं विचारायची कुणाची छाती झाली नाही. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत झोपायला जायची, बाकी सगळा जन्म कारखान्यात.

सोफ्याच्या धंद्यात खिळे हातात धरत नाहीत, तोंडात धरतात. मूठभर चुका, म्हणजे बारीक टोकदार खिळे, गालात भरायच्या, जिभेनं एकेक पुढं आणायची, हातोडीच्या चुंबकाला चिकटवायची आणि ठोकायची. टक-टक, सरक. टक-टक, सरक. नवख्या माणसानं केलं तर डॉक्टरच गाठावा लागेल. धाकटीनं हे दहाव्या वर्षी वडलांच्या शेजारी बसून उचललं आणि त्यातच तिच्या हाताला ताल लागला. तिच्या सोळाव्या वर्षी एका ऑर्केस्ट्रातला ड्रमवाला आपल्या फाटक्या स्टुलाची गादी बदलायला आला. हिची हातोडी ऐकून तो स्टूल घ्यायचं विसरला. म्हणाला, "पोरी, हे असंच, पण दोन्ही हातांनी." पुढं तो ऑर्केस्ट्रा मोडला. जाताना माणूस आपला जुना ड्रमसेट कारखान्याच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात ठेवून गेला, तो न्यायला परत आलाच नाही. तेव्हापासून तो कोपरा धाकटीचा.

दादा वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या नाकावर माशी बसत नसे. हातानं स्प्रिंगा बांधणारा त्या भागातला तो शेवटचा. लाकडी सांगाड्यात एकेक स्प्रिंग बसवून तिला आठ बाजूंनी सुतळीनं जखडायचं, गाठ अशी मारायची की माणूस बसला-उठला तरी लोखंडाला लोखंड लागू नये. "माझी स्प्रिंग बोलत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकाला ऐकवायचा, पाहुण्याला ऐकवायचा, दवाखान्यात रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरलाही ऐकवून झालं होतं.

आता खरं सांगायचं तर चाळीस वर्षं हातोडीच्या आवाजात राहून दादाच्या उजव्या कानानं केव्हाच काम सोडलं होतं. त्याची स्प्रिंग बोलली असती तरी त्याला कळलं नसतं. हे धाकटीला ठाऊक होतं. म्हणून सोफा टेम्पोत चढायच्या आधी ती त्याच्यावर तीन ठिकाणी बसून बघायची, डावीकडं, मधे, उजवीकडं. कुठं बारीक आवाज आलाच तर दादा जेवायला गेला की खालचं गोणपाट उसवून गाठ पुन्हा मारायची. सात-आठ वर्षं हे असं चाललेलं. बोलली नाही कधी.

बँड चौघांचा. गाणी लिहिणारा आणि म्हणणारा पोस्टमन; दिवसभर चालून त्याचा दम असा तयार झालेला की एका श्वासात अख्खं कडवं. गिटार वाजवणारा चष्म्याच्या दुकानाचा मालक, त्याला चष्मेवाला म्हणायचे आणि तारांच्या, माइकच्या भानगडी त्याच्याकडं. बेस गिटार शाळेतल्या गणिताच्या बाईंकडं. ड्रमवर धाकटी. बँडचं नाव 'चार पाय', कारण सोफ्यालाही तेवढेच आणि माणसंही तेवढीच. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माणसं चार म्हणजे पाय आठ होतात." पण तोवर नाव रंगवून झालं होतं. पाठीशी कुठली कंपनी नाही, कुणाचा वशिला नाही. आपलं आपण लिहायचं, आपलं आपण वाजवायचं. अशा बँडला इंडी म्हणतात हे चष्मेवाल्यानं कुठंतरी वाचलं, तेव्हा पोस्टमन म्हणाला, "बरं झालं, आपल्या हलाखीला नाव तरी मिळालं."

चौदा वर्षं वाजवून त्यांचा एकही अल्बम नव्हता. तो निघाला तो दादाच्या एका वाक्यानं.

एका सकाळी दादा फोम कापायच्या यंत्राचं चित्र घेऊन आला. ऑर्डर दिली होती, नऊ-दहा महिन्यांनी यंत्र येणार होतं. कारखान्यात ते मावेल अशी जागा म्हणजे उत्तरेचा कोपरा.

"आणि ड्रम?" धाकटीनं विचारलं.

"ड्रमचं काय? अठ्ठावीस वर्षं झाली ठोकतेस. बाहेरच्या एका माणसानं कधी म्हटलं का, बाई, चांगलं वाजवतेस?"

"पोस्टमन म्हणतो."

"तो तुमच्यातलाच. घरचा सोडून, बँडचा सोडून, ज्याला कळतं असा एक माणूस आण. छापील आण. मग मी यंत्राचं बघतो. नाहीतर ड्रम तुझ्या खोलीवर ने."

औषधाच्या दुकानावर ड्रम वाजला असता तर खालच्या गोळ्या बाटल्यांतून उड्या मारत बाहेर आल्या असत्या. तो कोपरा गेला की वाजवणं संपलं, हे दोघांनाही कळत होतं. धाकटीनं तोंडातल्या चुका तळहातावर काढल्या. "छापीलच आणते," म्हणाली.

गाणी निवडून बसवण्यात चार महिने गेले. स्टुडिओ परवडायचा नाही. सोमवारी कारखाना बंद असायचा, म्हणून दर सोमवारी सकाळी एक गाणं, नऊ सोमवारी नऊ गाणी, असं ठरलं. आणि इथंच ती गंमत झाली, जी दुसऱ्या कुठल्या बँडच्या हातून झालीच नसती.

त्या दिवसांत एका हॉटेलच्या चोवीस फोमच्या सोफ्यांचं काम चालू होतं. पहिल्या सोमवारी तयार सोफे छताला टेकतील असे एकावर एक रचलेले. त्या ढिगात उभं राहून बोललं तरी आवाज दोन हातांवर विरायचा. चष्मेवाला खूश. "असं मऊ तर स्टुडिओतही मिळत नाही." पण दर शनिवारी तीन सोफे हॉटेलात जात होते, अधूनमधून दुसऱ्या गिऱ्हाइकांचेही. खोली दर आठवड्याला थोडी रिकामी, आवाज थोडा मोकळा. एवढा हळू की रोज तिथंच असणाऱ्या माणसाच्या ध्यानात येऊ नये, आपल्या घरातलं मूल वाढलेलं आपल्याला दिसत नाही तसं. वर पोस्टमन शिस्तीचा. गाणी ज्या क्रमानं अल्बमवर येणार त्याच क्रमानं म्हणणार. "पहिलं पत्र आधी वाटायचं, नववं नंतर. उगाच पिशवीत हात घालून काढायचं नाही." नवव्या सोमवारी कारखान्यात नुसत्या भिंती, पत्रा आणि ते चौघं.

तिसऱ्या सोमवारी आणखी एक झालं. गाणं चांगलं रंगलं होतं. शेवटच्या कडव्याआधी पोस्टमन थांबतो, चार ठोक्यांची शांतता असते. नेमका तेव्हा दादा मोजपट्टी शोधत मागच्या दारानं आत आला. गाणं संपलं असं समजून जवळच्या सोफ्यावर टेकला. 'कर्रर्र' असा लांब, दमलेला आवाज आला आणि त्याच्या शेपटीला धरूनच पोस्टमननं पुढची ओळ उचलली. इतकं छान त्यानं त्याआधी कधी म्हटलं नव्हतं, नंतरही नाही. दादाला पत्ताच नाही. तो डाव्या कानावर हात ठेवून बसून राहिला, मोजपट्टी सापडल्यावर उठून गेला.

"हे काढता यायचं नाही," चष्मेवाला म्हणाला. "आवाज ओळीत मिसळलाय. पुन्हा वाजवू."

"राहू दे," धाकटी म्हणाली.

तो सोफा स्प्रिंगांचा, दादानं हातानं बांधलेला, एका निवृत्त नर्सबाईंचा, ज्यांना सगळे सिस्टर म्हणायचे. मंगळवारी त्याच्यावर बसून गाठ बघायची असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण मंगळवारी टेम्पो तासभर लवकर आला आणि ती पोचायच्या आत सोफा गेला.

नवव्या गाण्यानंतर चष्मेवाल्यानं सगळी गाणी पहिल्यांदा ओळीनं लावली. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पडत गेला. पहिलं गाणं उशीत तोंड खुपसून म्हटल्यासारखं, नववं रिकाम्या टाकीत उभं राहून. "दोन वेगळे बँड वाटतात," तो म्हणाला.

"मग पुन्हा करू," बाई म्हणाल्या.

"सोफे आणायचे कुठून? हॉटेलातले लोक उठवायचे?"

यंत्र यायला साडेतीन महिने उरले होते. अल्बम आहे तसा निघाला. नाव 'सोमवार बंद'. इंटरनेटवर चढवला, तीनशे सीडी काढल्या. परीक्षण लिहिणाऱ्या अकरा जणांना पोस्टमननं त्या स्वतः नोंदणी करून पाठवल्या. रविवारच्या पेपरात गेली वीस वर्षं संगीतावर लिहिणारा एक म्हातारा होता. त्याच्या लेखणीनं भलेभले घरी बसवलेले. त्यानं कुणाला बरं म्हटलं तर लोक तारीख लक्षात ठेवायचे. त्याची इमारत दुसऱ्या पोस्टमनच्या वाट्याची. आपल्या पोस्टमननं त्या सहकाऱ्याला सांगून ठेवलं, "पेटीत टाकू नकोस, हातात दे, आणि दार उघडेस्तोवर बेल सोडू नकोस."

पहिलं परीक्षण आलं ते एका वेबसाइटवर. साडेतीन ओळी. 'पहिलं गाणं गोधडीखाली म्हटलेलं आहे. शेवटच्या गाण्यात मंडळी गोधडीबाहेर येतात आणि विहिरीत पडतात. मध्येच फर्निचर हलवल्याचा आवाज. ध्वनिमुद्रण कशाशी खातात हे आधी शिकून घ्यावं.'

दादाच्या मुलीनं ते त्याला वाचून दाखवलं. दादा उठला. खडू घेतला, उत्तरेच्या कोपऱ्यात ड्रमच्या भोवती यंत्राच्या मापाची चौकट आखली. चारही कोपऱ्यांवर फुल्या मारल्या. धाकटी समोर बसून एका खुर्चीला पाठ बसवत होती. तिच्या हातोडीचा ताल काही चुकला नाही, पण एक चूक तिनं वाकडी ठोकली. अशी वाकडी तिनं दहाव्या वर्षानंतर ठोकली नव्हती.

आणखी दोघांनी लिहिलं, तेही कोमटच. एकानं तर बँडचं नाव 'चार पाट' असं छापलं. मग दीड महिना काहीच नाही. यंत्र यायला चार दिवस राहिले.

त्या रविवारी सकाळी धाकटी खोलीत भाजी चिरत होती. खालून सायकलची घंटी वाजली ती थांबेचना. खिडकीतून बघते तो पोस्टमन, रजेच्या दिवशी, गणवेश नाही, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"अर्धं पान!" एवढंच त्याला बोलता आलं.

म्हाताऱ्यानं अर्धं पान लिहिलं होतं. मथळा होता, 'खोली रिकामी होत जाते'. धाकटीनं जिन्यात उभ्या उभ्या वाचलं. म्हाताऱ्याचं म्हणणं असं: पहिल्या गाण्यात माणसं सामानात गच्च अडकलेली आहेत, श्वास घ्यायला जागा नाही. मग गाण्यागणिक घरातलं काहीतरी निघून जातं. काय जातं ते सांगत नाहीत, नुसतं ऐकू येतं. नवव्या गाण्यात आवाज आणि भिंती एवढंच उरतं, आणि तरीही ते दुःखाचं गाणं नाही, मोकळं झालेल्या माणसाचं आहे. 'गेल्या दहा वर्षांत पहिल्याच अल्बममध्ये एवढी हिंमत मी ऐकलेली नाही.' पुढं ड्रमवर एक अख्खा परिच्छेद. 'ड्रम वाजवणारी बाई दाखवायला वाजवत नाही. एखादी वस्तू जागच्या जागी पक्की बसावी तसा तिचा ठोका बसतो.' आणि शेवटी: 'तिसऱ्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी कुणीतरी बसतं. ती करकर मी अकरा वेळा ऐकली. ती कशी केली मला माहीत नाही. पण त्या क्षणापासून हा अल्बम माझा झाला.'

धाकटीनं दोनदा वाचलं. मग पोस्टमनच्या पाठीत असा गुद्दा घातला की तो दोन पायऱ्या खाली गेला.

"अगं, मारतेस काय!"

"मग काय करू? वर ये, भाजी खा."

भाजी तशीच राहिली. दोघं पेपर घेऊन दादाच्या घरी गेले. दादानं चष्मा पुसला, पेपर गुडघ्यावर पसरला आणि प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत वाचायला लागला. हिंमतीपाशी भुवया वर गेल्या. ड्रमच्या परिच्छेदावर बोट जरा रेंगाळलं. पोस्टमन धाकटीला कोपर मारत होता. मग बोट शेवटच्या ओळींवर आलं आणि दादाचा चेहरा एकदम उतरला.

"करकर?"

पोस्टमनचं कोपर थांबलं.

"कशाची करकर?"

"सोफ्याची," धाकटी म्हणाली.

"फोमचा सोफा करकरत नाही."

"फोमचा नव्हता. सिस्टरांचा होता."

दादानं पेपराची घडी केली. "म्हणजे माझी स्प्रिंग बोलते असं अर्ध्या पानात छापून आलं."

पोस्टमन म्हणाला, "अहो दादा, तारीफ केलीय त्यानं."

"तू गप रे. तुझ्या पत्राला पाय फुटले तर तुला चालेल का?" दादा उठला. कोनाड्यातली पिशवी काढली. वाकडी सुई, दाभण, सुतळीचा गुंडा. "चल गं. आत्ताच्या आत्ता बांधून देतो."

वाटेत त्याची चाल मंदावली. मग म्हणाला, "मी तिथं बसलो होतो. मला कशी ऐकू आली नाही?"

"उजवीकडनं आली असेल."

दहा पावलं गेली. दादाचा हात उजव्या कानाकडं गेला. "तू पाठवायच्या आधी बसून बघतेस सोफ्यांवर. मला वाटायचं, दमतेस म्हणून टेकतेस."

"दमते पण."

"किती वर्षं?"

"सात. आठ असतील."

दादानं मान हलवली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली, एवढंच.

सिस्टर पासष्टीच्या, ताठ. चौतीस वर्षं शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काढलेली बाई. दार उघडतानाच माणसाचा रंग बघायची सवय. "बसा. काय झालं? तोंडं अशी का?"

दादा उभाच. "सिस्टर, तुमचा सोफा करकरतो. माझी चूक आहे. दुरुस्त करून देतो."

"करकरतो ना. उजव्या अंगाला. मी काही तक्रार केली का?" मग त्यांची नजर धाकटीच्या हातातल्या पेपरवर गेली. तसाच पेपर त्यांच्या टेबलावर उघडा पडला होता, तेच पान. "थांबा. यातले ते करकरवाले बँडवाले म्हणजे तुम्ही?"

धाकटीनं फोनवर तिसरं गाणं लावलं. शांततेची जागा आली आणि ती करकर आली. सिस्टरांनी दादाला खांद्याला धरून सोफ्याच्या उजव्या टोकाला बसवलं. कर्रर्र. तोच. तसाच लांब, तसाच दमलेला.

"पुन्हा लाव," दादा म्हणाला. फोन त्यानं डाव्या कानाला लावला. ऐकलं. जागेवरून उठून पुन्हा बसला. पुन्हा ऐकलं. असं तीन-चार वेळा. धाकटी त्याच्या तोंडाकडं बघत होती. करकर झाल्यावर पोस्टमनचा आवाज उचलला जातो, मागून तिचा ड्रम येतो, तिथवर तो पहिल्यांदा थांबला. मग पुढं ऐकत राहिला, गाणं संपेपर्यंत. अठ्ठावीस वर्षांत त्यानं तिचं एक गाणं सबंध ऐकलेलं नव्हतं.

नंतर सवयीनं खाली वाकून त्यानं पिशवीतून दाभण काढलं.

"हात लावायचा नाही," सिस्टर म्हणाल्या.

"पाच मिनिटांचं काम आहे."

"टाका काढायचा की ठेवायचा हे वॉर्डात मी ठरवायचे, सर्जनही नाही. हा राहणार." त्या हाताची घडी घालून सोफा आणि दादा यांच्या मधे उभ्या राहिल्या. "माझ्या बहिणीला दुपारी बोलावलंय. तिला बसवून दाखवणार आहे. तिच्याकडं नुसता टीव्ही आहे."

दादानं दाभण पिशवीत ठेवलं.

गुरुवारी यंत्र आलं. तोवर बरंच घडून गेलं होतं. म्हाताऱ्याच्या मागून आणखी चौघांनी लिहिलं होतं, साडेतीन ओळीवाल्यानं पुन्हा ऐकून सोळा ओळी लिहिल्या होत्या, त्यात विहीर नव्हती. रेडिओवरच्या मुलीनं धाकटीला विचारलं की खोली रिकामी होत जाण्याची कल्पना सुचली कशी. धाकटीनं सांगितलं, "सुचली नाही. दर शनिवारी टेम्पो यायचा." मुलीला वाटलं ही थट्टा करतेय. म्हाताऱ्यानं मात्र ते ऐकलं आणि कारखान्याच्या पत्त्यावर कार्ड धाडलं: 'कारण कळलं. माझं मत बदलत नाही.' ते कार्ड पोस्टमननं स्वतः आणून दिलं, घंटी वाजवत.

यंत्र आणणारी माणसं चौघं. त्यांनी खडूची चौकट बघितली, फुल्या बघितल्या आणि खोकं सरळ उत्तरेच्या कोपऱ्याकडं न्यायला लागली.

"तिकडं नाही," दादा म्हणाला.

"पण माप आखलंय की."

"ते चुकीचं आखलंय." त्यानं दारालगतच्या आपल्या टेबलाकडं बोट केलं. वडलांपासूनचं टेबल, वर बिलांची फाइल, फोन, चहाचे कप. "हे उचला आणि जिन्याखाली सारा. यंत्र इथं."

"जिन्याखाली तुमचं डोकं आपटेल," त्यांच्यातला एक म्हणाला.

"बसून काम करतो मी."

धाकटी तोंडात चुका भरून एका सोफ्यावर वाकली होती, त्यामुळं तिला बोलता येण्यासारखं नव्हतं, आणि ते बरंच झालं. टक-टक, सरक. टक-टक, सरक.

यंत्र बसलं. माणसं गेली. दादा ओलं फडकं घेऊन उत्तरेच्या कोपऱ्यात गेला, गुडघे टेकून फरशीवरच्या फुल्या एकेक करून पुसल्या. तेवढ्यात जिन्याखालचा फोन वाजला. उठताना त्याचं डोकं आपटलं नाही, फोन घ्यायला गेल्यावर आपटलं.

"हॅलो," डोकं चोळत तो म्हणाला. ऐकून घेतलं. फोन डाव्या कानाला घेऊन पुन्हा ऐकलं. "नाही. तसला आम्ही बनवत नाही. आमची स्प्रिंग बोलत नाही." समोरचा काहीतरी म्हणाला. दादानं धाकटीकडं बघितलं, मग ड्रमकडं. "हो, पेपरातला आमचाच. पण तो एकदाच झाला. बँड ऐकायचा असेल तर सोमवारी या. सोमवारी बंद असतो आम्ही. वाजवायला बसतात."